वाढत्या मुलाचे धनुष्य : आकडा मोठा की माप खरे?

मुलामुलींना तिरंदाजीच्या वर्गाला घालावे, असा विचार आता केवळ खेळाडूंच्या घरातच होतो असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदके पटकावली. अदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची होती. दोघांचेही शिक्षण साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली झाले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके मिळवली. पुढे २०२५ मध्ये जाहीर झाले की, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार खेळला जाईल. तोपर्यंत ऑलिंपिकमध्ये कंपाउंडला जागाच नव्हती. एवढे सारे घडल्यावर आठ-दहा वर्षांच्या पोराने बापाकडे धनुष्याचा हट्ट धरला, तर त्यात नवल ते काय?

हट्ट पुरवण्यास आमची हरकत नाही. खेळ चांगला आहे, मन एकाग्र करणारा आहे. आमचे म्हणणे आहे ते खरेदीविषयी. कारण हा माल स्वस्त नाही, बहुतेक परदेशातून येतो, आणि सामान्य मिळकतीच्या घरात तो एकदाच घेतला जातो. म्हणून दुकानदार जे सांगतो ते पालकांना पटकन पटते. दुकानदार सांगतो की, हे धनुष्य कमी-जास्त करता येते, ५ पाउंडापासून ७० पाउंडांपर्यंत जाते, एकदा घ्या आणि जन्मभर वापरा. या वाक्यात खोटे काही नाही. परंतु खरे तेवढे पुरे आहे काय, याचा विचार आम्हांला या ठिकाणी करावयाचा आहे.

एका सदऱ्याची गोष्ट

आमचे एक स्नेही शिंपीकाम करतात. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत त्यांच्या मशीनला उसंत नसते. वाढत्या अंगाच्या मुलाचा कपडा शिवताना शिवणीत माया किती ठेवावी, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. याच गृहस्थांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी एक कंपाउंड धनुष्य आणले. दुकानदार त्यांना म्हणाला, "चाचा, एकदाच खर्च करा. पोरगा वीस वर्षांचा झाला तरी हेच चालेल." चाचांनी महिनाभराची कमाई मोजली आणि डबा घरी आणला.

ते धनुष्य अगदी आखूड केले तरी त्याची ओढ २४ इंचांची होती. मुलाला हवी होती २१ इंचांची. दोरी मागे आणण्यासाठी मूल कमरेतून मागे झुकू लागले, धनुष्य आभाळाकडे उचलू लागले. डावा हात ताणला जाऊन दोरी कोपराजवळ फटके मारू लागली. दीड महिन्यात खांदा दुखतो म्हणून त्याने वर्गाला जाणे सोडले आणि धनुष्य कपाटावर गेले. आम्ही त्यांना मापाचा हिशेब समजावून सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी पोराला बापाचा सदरा घातला."

आमच्या मते सारा प्रश्न या एका वाक्यात आला. कपड्यात माया असावी, पण कपडा आज अंगाला बसला पाहिजे. जो आज बसत नाही, तो उद्या बसेल या आशेवर घालता येत नाही. धनुष्याचे तर त्याहून कडक आहे. सैल सदरा घातल्याने कोणाचा खांदा दुखत नाही.

हे यंत्र समजून घ्यावे

साधी तीर-कमान आणि कंपाउंड धनुष्य यांत मुळातच फरक आहे. कंपाउंड धनुष्य अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी शोधले. १९६६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व १९६९ मध्ये ते मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. त्यांना कॅम म्हणतात. साधे धनुष्य जितके ओढावे तितके जड होत जाते. कंपाउंडमध्ये मात्र मध्यावर सर्वांत जास्त जोर लागतो आणि पुढे कॅम फिरल्यावर वजन एकदम उतरते. ज्या धनुष्यात ७० टक्के वजन उतरते, ते २० पाउंडांचे असले तरी पूर्ण ओढल्यावर हातात फक्त ६ पाउंड राहतात. त्यामुळे मुलाला निवांत नेम धरता येतो.

पण या सोयीची एक अट आहे. कॅम ठराविक जागी येऊन थांबतो. पुढे जणू भिंत लागते. साध्या धनुष्याची दोरी लहान मूल थोडी ओढील, मोठे मूल जास्त ओढील. धनुष्य तेच चालते. कंपाउंडला हे चालत नाही. त्याच्या ओढीची लांबी ठरलेली असते आणि ती ज्याच्या हातात धनुष्य आहे त्याच्या मापाचीच असावी लागते. म्हणून वाढत्या मुलाला कमी-जास्त करता येणारे धनुष्य हवे. ही चैन नसून गरज आहे, हे आम्ही मान्य करतो.

माप घरीच काढता येते. मुलाला भिंतीला पाठ लावून उभे करावे, दोन्ही हात सरळ पसरावयास सांगावे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप धरावी. जे इंच येतील त्यांना अडीचने भागावे. पन्नास इंच आले तर ओढ वीस इंचांची, साठ आले तर चोवीस, सत्तर आले तर अठ्ठावीस. हा ठोकताळा आहे, अखेरचे माप प्रशिक्षकाने मुलाला उभे करून ठरवावे. परंतु दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी एवढा आकडा खिशात असलाच पाहिजे.

याच हिशेबाने वाढही मोजता येते. हातांचा पसारा अडीच इंचांनी वाढला की ओढ एक इंचाने वाढते. शाळकरी मुलाची उंची साधारणतः वर्षाला दोन-अडीच इंच वाढते आणि हातही त्याच प्रमाणात लांबतात. म्हणजे ओढ वर्षाला सुमारे एक इंच धरावी. वयात येताना ती झपाट्याने वाढते, तेव्हा दर तीन महिन्यांनी टेप लावावी. आज २१ इंचांवर असलेल्या मुलाला चार-पाच वर्षांसाठी २६-२७ इंचांपर्यंत जाणारे धनुष्य पुरते. त्याच्या शिवणीत माया असावी ती एवढी.

सत्तर पाउंड कोणासाठी?

आता त्या मोठ्या आकड्याकडे वळू. ७० पाउंड म्हणजे जवळजवळ ३२ किलो. एवढी ताकद या धनुष्यांत का ठेवली जाते? कारण यांपैकी बरीच धनुष्ये अमेरिकेतील शिकारीच्या बाजारासाठी बनतात. तेथे वडिलांबरोबर मुलगाही हरणाच्या शिकारीला जातो आणि मोठा झाल्यावर तेच धनुष्य वाढवून वापरतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपल्या मुलासमोर हरीण नाही, कागदी चक्र आहे.

आणि त्या चक्रासमोर ७० पाउंडांना जागाही नाही! जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमाप्रमाणे कंपाउंड धनुष्याचे वजन जास्तीत जास्त ६० पाउंड असू शकते. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर धनुष्य विकले जाते, त्यातील वरचे दहा पाउंड स्पर्धेच्या मैदानावर बादच होतात. शिवाय अनेक धनुष्यांत ओढीची लांबी कमी केली की वजनाचा वरचा आकडाही आपोआप खाली येतो. १२ इंचांची ओढ आणि ७० पाउंडांचे वजन हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. डब्यावर मात्र दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात.

'जन्मभर' या शब्दाचेही तेच. स्पर्धेत नाव काढणारे मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की, प्रशिक्षक त्याला लांब आणि स्थिर असे खास नेमबाजीचे धनुष्य घ्यावयास सांगतात. मुलांची कमी-जास्त होणारी धनुष्ये आखूड असतात. ती ५० मीटरच्या स्पर्धेसाठी बनवलेली नसतात. ज्याला पुढे जावयाचे नाही त्याला ७० पाउंड लागणार नाहीत, आणि ज्याला जावयाचे आहे तो धनुष्य बदलणारच आहे. मग जन्मभराचे पैसे आज कशासाठी मोजावयाचे?

खालचा आकडा आधी पाहावा

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, खरेदी करताना आकड्यांची पट्टी खालच्या टोकाकडून वाचावी. मूल आज जेथे उभे आहे तेथे हे धनुष्य उतरते काय? ते उतरत असेल तरच वरच्या टोकाची चौकशी करावी.

वजनाची परीक्षा सोपी आहे. मुलाला खुर्चीवर बसवावे, धनुष्य समोर सरळ धरावयास सांगावे आणि दोरी गालापर्यंत आणावयास सांगावे. धनुष्य वर न उचलता, पाठ न वाकवता ते ओढता आले, थोडा वेळ धरून सावकाश परत आणता आले आणि हे दहा-बारा वेळा करता आले, तर वजन बरोबर आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला १० ते १५ पाउंड बहुधा पुरतात. याबाबत कोणीही अभिमान धरू नये. लहान मुलांच्या हाडांची टोके अजून वाढत असतात. खांद्यावर रोज जादा भार पडला तर त्या वाढत्या टोकांना इजा होऊ शकते. पाउंड नंतर वाढवता येतात. बिघडलेला खांदा आणि बिघडलेली ढब दुरुस्त करणे फार कठीण.

दुसरे वजन असते खुद्द धनुष्याचे. ते बहुतेक कोणी विचारत नाही. नुसते धनुष्य दीड किलोच्या आसपास भरते, वर साईट आणि रेस्ट बसवल्यावर आणखी वाढते. हा सारा भार मुलाला एका सरळ हातावर पेलावयाचा असतो. तिसरी गोष्ट डोळ्याची. कंपाउंड धनुष्य उजव्या किंवा डाव्या हाताचे असते, ते मागाहून बदलता येत नाही. मुलाचा कोणता डोळा नेम धरण्यात पुढे आहे, हे प्रशिक्षकाकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या धनुष्यांची काही मापे उदाहरणासाठी देतो. मॉडेले बदलत राहतात, जुनी हातोहात विकली जातात. म्हणून नावापेक्षा मापाकडे लक्ष द्यावे. डायमंड कंपनीचे ॲटॉमिक हे लहान मुलांचेच धनुष्य. त्याची ओढ १२ ते २४ इंच आणि वजन ६ ते २९ पाउंड. याच कंपनीचे इन्फिनिट एज १३ ते ३० इंच आणि ५ ते ७० पाउंड. बेअर कंपनीचे क्रूझर १२ ते ३० इंच आणि ५ ते ७० पाउंड. मिशन कंपनीचे क्रेझ १९ ते ३० इंच आणि १५ ते ७० पाउंड. सात-आठ वर्षांच्या, ओढ १८ इंच असलेल्या मुलाला यांतील शेवटचे धनुष्य बसणारच नाही, ते कितीही स्वस्त मिळो. बारा वर्षांच्या मुलाला ते चालेल. अर्थात त्यालाही १५ पाउंड पेलले पाहिजेत.

जेनेसिस नावाच्या धनुष्याची तऱ्हा निराळी आहे. त्याला कॅम आहे, पण वजन उतरत नाही आणि ओढीला भिंत नाही. १५ पासून ३० इंचांपर्यंत ज्याची जेवढी ओढ तेवढी तो ओढतो. वजन १० ते २० पाउंड. अमेरिकेतील केंटकी राज्यात २००२ पासून सुरू झालेल्या शालेय तिरंदाजीच्या उपक्रमात हेच धनुष्य वापरले जाते, कारण एकच धनुष्य साऱ्या वर्गाच्या हातून फिरू शकते. शाळा, मोहल्ल्यातील क्लब किंवा तीन भावंडांचे घर यांनी याचा विचार अवश्य करावा. पूर्ण ओढल्यावर भिंतीला टेकून नेम धरण्याची सवय मात्र यावर लागत नाही, ती पुढे शिकावी लागते.

पान्याचा प्रश्न

कमी-जास्त करता येते म्हणजे कोणाला करता येते, हाही प्रश्न विचारावा. वजन बदलण्यासाठी वरच्या आणि खालच्या पात्याचा बोल्ट ॲलन पान्याने सारखाच फिरवावा लागतो. किती आटे सैल करावयाचे याची मर्यादा माहितीपत्रकात असते. ती ओलांडली तर पाते निसटून इजा होऊ शकते. ओढीची लांबी बदलण्याच्या दोन रीती आहेत. काही धनुष्यांत कॅमवरील एक पट्टी दोन स्क्रू सैल करून सरकवता येते. दुसऱ्या काहींत कॅमच बदलावा लागतो आणि त्यासाठी धनुष्य बो प्रेस नावाच्या यंत्रात दाबून दोरी सैल करावी लागते. हे यंत्र तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. दर वर्षी इंचभरासाठी पुण्या-मुंबईचा फेरा पडणार असेल, तर त्या स्वस्त धनुष्याचा हिशेब पुन्हा करावा.

बाणांचे पैसेही धरून चालावे. मूल वाढले की धनुष्य सरकवता येते, बाण सरकवता येत नाहीत. बाण आखूड पडला तर पूर्ण ओढल्यावर तो रेस्टवरून मागे निसटतो आणि मुलाच्या हातात घुसू शकतो. म्हणून पहिले बाण एक-दोन इंच लांब घ्यावेत आणि ओढ किंवा पाउंड वाढले की ते तपासून घ्यावेत. फार हलका बाणही वापरू नये. एका पाउंडाला निदान ५ ग्रेन वजनाचा बाण असावा असे निर्माते सांगतात. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये, हे मुलाला आणि त्याहून अधिक घरी येणाऱ्या पाहुण्यांना बजावून ठेवावे. रिकामी दोरी सोडली की साऱ्या धनुष्याला हादरा बसतो. कॅम वाकतो, पाते चिरते.

दुकानदारांना दोन शब्द

येथे कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप कशासाठी? मुलाला आधी साधे धनुष्य द्या. हे म्हणणे आम्हांला बऱ्याच अंशी पटते. पहिले सहा महिने वर्गातील धनुष्यावर शिकावे, गोडी टिकते की नाही ते पाहावे आणि मगच घरी धनुष्य आणावे. परंतु ज्याची गोडी टिकली आहे आणि ज्याच्या बापाला दर वर्षी नवे धनुष्य घेणे परवडत नाही, त्याच्यासाठीच हे बदलते धनुष्य आहे. श्रीमंताला त्याची गरज कमी, तो दर वर्षी नवे घेऊ शकतो. गरीब घराचा पैसा यात अडकतो, म्हणून विकणाऱ्याची जबाबदारी वाढते.

या व्यवसायात असणाऱ्यांना आमची विनंती आहे की, गल्ल्याशेजारी एक टेप ठेवावी. गिऱ्हाईक आले की आधी मुलाचे माप घ्यावे आणि ते बिलावर लिहावे. ओढ किती लावून दिली, पाउंड किती ठेवले, बोल्टचे आटे किती सैल आहेत, हेही त्याच बिलावर असावे. १० पाउंडांचे एक धनुष्य ओढून पाहण्यासाठी ठेवावे. आणि मूल मोठे झाल्यावर जुने धनुष्य योग्य भावाने परत घेऊन पुढच्या मुलाला द्यावे. यात दुकानदाराचे नुकसान नाही. एक डबा विकून संपणाऱ्या धंद्यापेक्षा, चार वर्षांनी तेच घर परत येते तो धंदा मोठा. माप-तोलात खोट न ठेवणाऱ्याच्या दुकानात बरकत राहते, असे आपण म्हणतो. येथे तर विकावयाचा मालच माप आहे.

आमच्या स्नेह्यांनी ते धनुष्य शेवटी चौदा वर्षांच्या एका मुलाच्या वडिलांना विकले. थोडे पैसे बुडाले. आता त्यांचा मुलगा वर्गातील १२ पाउंडांच्या धनुष्यावर शिकतो आणि खांद्याची तक्रार करत नाही. दर तीन महिन्यांनी वडील दुकानातली टेप गळ्यातून काढून त्याला भिंतीला उभे करतात आणि आकडा मापाच्या वहीत लिहून ठेवतात. घाई त्यांना राहिलेली नाही. पुढचे धनुष्य त्या वहीत पाहूनच घेतले जाणार आहे. इतर पालकांनीही पैसे मोजण्याआधी अशी एक वही सुरू करावी, एवढेच आमचे सांगणे.